चुंबकदुर्गीच्या अबोल्याची बखर

श्रीजळदेवता प्रसन्न. जे जळ घागरीत स्थिर दिसते आणि स्थिर नसते, जे मस्तकाचे ठायी अष्टौप्रहर हिंडते आणि कोणास पायरव ऐकू देत नाही, त्या जळास प्रथम नमन, आणि त्या जळाचे मागे जासूद लावणाऱ्या शहाण्यांस दुसरे नमन, आणि त्या शहाण्यांचे रुसवेफुगवे सोसणाऱ्या आम्हां बखर लिहिणारांस कोणी नमन करीत नाही, सबब ते आमचे आम्हीच करून आरंभ करितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नाव क्रोधी होते हे वाचणाराने ध्यानी ठेवावे, कारण जे जाहले ते क्रोधानेच जाहले, आणि तोही रणांगणीचा क्रोध नव्हे, गाल फुगवून बसण्याचा.

तर एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्याचे मध्यभागी चुंबकदुर्ग म्हणोन किल्ला, आणि किल्ल्यात एक थोर पोकळ चुंबक, आणि त्या पोकळीत माणूस आडवा करून सारावा, मग चुंबकाने गर्जना करावी आणि मस्तकाचे आतील चित्र बाहेर यावे. शिरस्ता ऐसा की लोखंड म्हणोन आत नेऊ नये; कोणी कितीही मातबर येवो, घड्याळ, किल्ल्या आणि कमरपट्टा दारी काढून, पायजमा एके हाती धरूनच आत जावे, आणि ऐसी समता आम्ही अन्य कोणे दरबारी पाहिली नाही. ऐसी यंत्रे सांप्रत शहरोशहरी जाहली आहेत आणि लोक त्यांस एमआरआय म्हणतात. परंतु या राज्याची विद्या त्याहून बारीक. मस्तकात पाणी बहुत, आणि ते मोकळे जागी चहूकडे पसरते, परंतु मज्जातंतूंच्या वाटांस भिंती असतात, तेथे पाणी वाटेच्या लांबीने सुखे पळते आणि आडवे जाऊ म्हणता अडते, बोळातली पोरे बोळाच्या लांबीनेच धावतात तैसे. मग यंत्राने एकेका दिशेस तोंड करून पुसावे की, पाण्या, इकडे चाललास काय, आणि आलेली उत्तरे गणिताचे कारखान्यात नेऊन, कढवून, आटवून, त्यातून मस्तकातील वाटांचा नकाशा काढावा, ही ती विद्या. हिचा उपकार थोर. कोणास पक्षाघाताचा झटका आला आणि मस्तकाचा एखादा परगणा रक्तावाचून कोंडला, तर तेथील पाणी हिंडणे सोडून थबकते, आणि साध्या चित्रात काही दिसण्याचे आधीच या चित्रात ती जागा लख्ख पांढरी दिसते, मग वैद्य धावतात आणि माणूस हाती लागतो. तैसेच मस्तकातील गाठ काढणे असेल तर कोणती वाट कोठून गेली हे शस्त्रवैद्यास आधी कळते, आणि तो पाऊल जपून टाकितो. लोकांस हे ठाऊक नसते, लोक म्हणतात, भोंगा वाजत होता आणि थंडी वाजत होती.

राज्याच्या धनी थोरल्या बाईसाहेब, सौदामिनीबाई अग्निहोत्री, आणि त्यांचे दोन सरदार. यंत्राकडे भार्गवराव नेरुरकर आणि गणिताकडे प्रज्ञाबाई शेटे. दोघेही एकास झाकावे आणि दुसऱ्यास काढावे ऐसे हुशार, आणि पूर्वी दोघांचे इतके सूत की एका डब्यात जेवीत. परंतु राज्याचा एक रिवाज होता, त्याने घात केला. परके मस्तक मागून मिळत नाही, सबब नवी कल्पना निघाली म्हणजे दरबारातील कोणी तरी आपलेच मस्तक चुंबकात घालावे. आणि नेरुरकरांचे मस्तक यास फार नावाजलेले, कारण ते आत निजले म्हणजे शिंकही आवरून धरीत. त्यांचे मस्तकाचे चित्र शेटेबाईंनी ऐसे काही काढिले की रंगीत रेशमाच्या लडी उलगडाव्या, आणि एका विलायती पत्राने ते मुखपृष्ठावर छापिले, आणि खाली छापिले, चित्र प्रज्ञा शेटे यांचे. नेरुरकर वाचून बोलिले, "आणि डोके कोणाचे?" शेटेबाई बोलिल्या, "डोके काय, सर्वांसच असते. चित्र काढावे लागते." मग नेरुरकर बोलिले, "तर डोक्यावाचून काढून दाखवावे." मग शेटेबाई बोलिल्या की निपचित पडून राहण्यास विद्या म्हणत असतील तर धोंडेही विद्वान. झाले! तेथून जो अबोला पडिला तो दोन वर्षे. एकाच मेजावर बसावे आणि बाईसाहेबांकडे पाहून म्हणावे, "त्यांस सांगा, खिडकी लावा." आणि बाईसाहेबांनी मान वळवून म्हणावे, "खिडकी लावा." इतकी मोठी बाई, देशोदेशी जिचा मान, ती घरी येऊन खिडक्यांचा निरोप्या जाहली, आणि आम्ही आमच्या डोळ्यांनी हे पाहिले आणि हसू दाबिता दाबिता आमची पुरेवाट जाहली.

ऐसे चालता कारागीर येऊन यंत्राची आतली आज्ञावली बदलून गेले, आणि जाताना एक घोटाळा मागे ठेवून गेले. यंत्र आपण कोणे दिशेस तोंड करून पुसिले हे कळविताना डाव्यास उजवे आणि उजव्यास डावे म्हणू लागले. हे प्रथम शेटेबाईंनी ताडिले, आणि कोणास न सांगता आपले गणितात उलट्याचे सुलटे करून घेतले, आणि मनी म्हणाल्या, यंत्राकडे कोणास पत्ता नाही, मी आहे म्हणोन निभते. मग काही दिवसांनी नेरुरकरांनीही ताडिले, आणि तेही कोणास न सांगता यंत्राचे मुळाशीच दुरुस्ती करिते जाहले, आणि मनी म्हणाले, गणिताकडे कोणास पत्ता नाही, मी आहे म्हणोन निभते. दोघे आपापले ठायी परम संतुष्ट, आणि उलट्याचे सुलटे होऊन सुलट्याचे पुन्हा उलटे जाहले. दिसेल कैसे? दरबारी सगळी मौज रंगांची: आडव्या वाटेस तांबडा, पुढून मागे जाणारीस हिरवा, वरून खाली उतरणारीस निळा. वाट डावीकडे कलो की उजवीकडे, रंग तोच राहतो. सरळ वाटा जागच्या जागी राहतात, तिरक्या तेवढ्या भलत्या अंगास वळतात. त्या दिवसांत वाटांचे नकाशे कोणी काढिलेच नाहीत, दरबारातील मस्तकांची रंगीत चित्रेच भिंतीस लाविली, आणि येणारेजाणारे म्हणाले, वाहवा!

तो कृष्णाकाठच्या हळदपेठेतून बाबगोंडा मगदूम नामे असामी दाखल जाहली. हे हळदीच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, बोलीचा पुकारा करणारे; यांनी 'तीन वार' म्हटले की सौदा पक्का. यांचा आवाज पेठेच्या एका टोकास निघाला म्हणजे दुसऱ्या टोकास व्यापारी चहाचा पेला खाली ठेवीत. एके दिवशी पुकारता पुकारता 'राजापुरी' हा हळदीचे जातीचा शब्द जिभेवर येऊन अडला. हळद समोर, शब्द मनात, आणि तोंडातून निघेना. व्यापारी समजले की ही भाव चढविण्याची नवी युक्ती, आणि त्यांनी बोली चढविली. परंतु दुसरे दिवशी दुसरा शब्द अडला, तेव्हा त्यांची पत्नी पद्माक्का यांनी त्यांस उचलून शहरी आणिले, आणि साध्या चित्रात दिसले की मस्तकाचे डावे अंगास, बोलण्याची वाट जेथून जाते त्याच मुलखात, लिंबाएवढी गाठ. शस्त्रवैद्य रणधीरराव खानविलकर म्हणाले की गाठ काढणे अगत्य, परंतु वाट गाठीच्या आतल्या अंगाने गेली की बाहेरच्या, हे कळल्यावाचून मी हात घालीत नाही, चुंबकदुर्गी जाऊन नकाशा आणा. यंत्राची आज्ञावली बदलल्यानंतर रोगी माणसाचा नकाशा काढण्याचा हा पहिलाच प्रसंग. मगदूम निघता निघता वैद्यांजवळ जाऊन हळू बोलिले, "साहेब, हात गेला तरी चालंल. पाय गेला तर बसून पुकारीन. पर शब्द तेवढा ठेवा." आणि खानविलकर, जे कोणाशी दोन वाक्यांवर बोलत नसत, ते त्यांचा हात हाती धरून दारापर्यंत गेले.

चुंबकदुर्गी नेरुरकरांनी मगदुमांस सांगितले की आत हलू नये आणि बोलू नये. मगदूम म्हणाले, "बोलू नको? त्यापरीस डोकं काढून ठेवतो, सवडीनं बघा. मी झोपंत बी पुकारतोय, हिला इचारा." पद्माक्का म्हणाल्या, "खरं हाय. रोज रात्री निम्मी पेठ इकत्यात." तरी ते आत गेले, आणि यंत्राने गर्जना केली, आणि बाहेर येऊन पहिले वचन बोलिले की, "ह्याचा आवाज मोठा, पर ह्याला भाव सांगता येत न्हाई." मग शेटेबाईंनी नकाशा काढिला, सुरेख निघाला, आणि त्यात बोलण्याची वाट गाठीच्या आतल्या अंगाने गेलेली दिसली. म्हणजे बाहेरून मैदान मोकळे.

नकाशा दाखविण्यास सभा भरली. बाईसाहेब मध्ये, नेरुरकर एके टोकास, शेटेबाई दुसरे टोकास, खानविलकर नकाशासमोर, आणि रोग्यास त्याचा नकाशा दाखवावा हा खानविलकरांचा नेम, सबब मगदूम आणि पद्माक्काही हजर. खानविलकर संतोष पावले. म्हणाले, "बाहेरून शिरतो, सरळ काम आहे. निजवूनच काढू, जागे ठेवण्याचे कारण नाही." आणि उठता उठता त्यांची नजर नकाशाच्या दुसऱ्या भागी गेली. मस्तकाचे दोन अर्धांस जोडणारा एक सेतू असतो, त्याच्या वाटा दोहींकडे वर चढून पसरतात, कोणी दोन्ही हात वर केल्यासारख्या. नकाशात ते हात खाली लोंबत होते. खानविलकर पुन्हा बसले. म्हणाले, "हा सेतू रडका का दिसतो? डावे-उजवे तपासले आहे ना?"

आता उत्तर देणे सरदारांचे काम, आणि सरदार एकमेकांशी बोलत नाहीत, आणि निरोप नेणाऱ्या बाईसाहेबांचा त्या दिवशी नेमका घसा बसला होता. त्यांनी गळ्यास हात लावून खूण केली. तेव्हा मगदूम खुर्ची सरकवून उभे राहिले आणि बोलिले, "मी हाय की! पुकारायचंच हाय न्हवं? सांगा, काय पुकारू?" खानविलकर हसले, पद्माक्कांनी डोक्यावर पदर ओढिला, आणि नेरुरकर मगदुमांकडे पाहून घुश्शात बोलिले, "त्यांस सांगा, यंत्र डाव्यास उजवे म्हणत होते, ते मी कधीच सुधारिले आहे. गोंधळ असेल तर गणितात असेल." मगदुमांनी हात उंच केला आणि दुर्ग दुमदुमला: "नेरुरकर साहेबांची बोली! यंत्र डाव्याला उजवं म्हणत हुतं, ते त्यांनी सुधारलंय! एक वार!" शेटेबाई उसळल्या. "सांगा त्यांस, त्यांनी काय सुधारिले? ते मी माझ्या गणितात त्यांच्या कितीतरी आधी सुधारिले!" मगदूम पुन्हा गरजले: "शेटेबाईंची बोली! यंत्र डाव्याला उजवं म्हणत हुतं, ते त्यांनी आदीच सुधारलंय! दोन वार!"

आणि मग पुढची बोली येईना. दोन वर्षांत जे एकाने दुसऱ्याचे ऐकिले नव्हते, ते त्या आवाजात ऐकावेच लागले. नेरुरकरांनी शेटेबाईंकडे पाहिले आणि शेटेबाईंनी नेरुरकरांकडे. मगदूम हात तसाच वर धरून म्हणाले, "का ओ? बोला की. सौदा आडलाय." शेवटी बाईसाहेबच बसक्या घशाने बोलिल्या, "दोघांनी सुधारिले म्हणजे कोणीच सुधारिले नाही," आणि तत्क्षणी रसवंतीवरून ऊस आणविण्याची आज्ञा जाहली. उसाचे तंतू लांबीने धावतात आणि त्यात पाणीही तैसेच धावते. सबब ऊस चुंबकात तिरका, शेंडा उजवीकडे करून ठेविला, आणि नकाशा काढिला, तो ऊस डावीकडे कललेला. मग दोन दुरुस्त्यांतील एक काढिली, आणि ऊस आपले जागी आला. मग मगदुमांचा नकाशा पुन्हा काढिला, आणि बोलण्याची वाट गाठीच्या बाहेरून, तिच्यावर पदर टाकल्यासारखी गेली होती, जेथून खानविलकर शिरणार होते नेमकी तेथून. खानविलकरांनी बोट ठेवून दाखविले की येथे कापिले असते. तेव्हा मगदूम, जे झोपेतही गप बसत नसत, ते गप बसले. पद्माक्कांनी दोघां सरदारांकडे पाहिले, आणि मगदुमांचे डोक्यावरून हात फिरविला, आणि आम्हांस वाटले की चार शिव्या दिल्या असत्या तर बरे होते.

मग ठरले की रोग्यास जागे ठेवूनच गाठ काढावी. मस्तक उघडे आणि माणूस बोलतो आहे, हे आम्ही ऐकिले होते, पाहिले तेव्हा भिंतीस टेकून पाहिले. खानविलकर म्हणाले, "मगदूम, थांबू नका, बोलत राहा." मगदूम म्हणाले, "काय पुकारू? माल न्हाई समोर." इतक्यात काचेपलीकडे नेरुरकर आणि शेटेबाई दोन कोपऱ्यांत उभे दिसले, आणि मगदूम त्या स्थितीतही हसले. "हे घ्या! ह्या दोगांचा अबोला इकायला काढलाय! दोन वर्सांचा जुना माल, खडखडीत वाळलेला, आत कीड न्हाई! बोला, कोन घेतंय?" आणि पुकारा चालू जाहला. खानविलकर विजेची बारीक सळई एकेका जागी टेकवीत, आणि एके जागी टेकविताच शब्द मध्येच तुटे, आणि सळई उचलिताच पुढचे अक्षर बाहेर येई. जेथे जेथे शब्द तुटला, तेथे तेथे नव्या नकाशात वाट होती. ती वाट राखून, मागून वळसा घेऊन, गाठीचे तुकडे निघू लागले, आणि मगदूम पुकारीत होते, "एक वार," आणि शेवटचा तुकडा निघाला, आणि मगदूम म्हणाले, "दोन वार," आणि तिसरा आलाच नाही. खानविलकरांचा हात जागीच थांबला. ते म्हणाले, "मगदूम, पुढे?" मगदुमांनी तोंड उघडिले, ओठ हलले, डोळे हलले, आवाज नाही.

खानविलकर बाहेर येऊन बोलिले की वाट शाबूत आहे, सूज आली आहे, उतरेल, धीर धरावा. धीर धरावा हे सांगणाऱ्यास सोपे. दिवस गेले, मगदूम डोळ्यांनी सर्व ओळखीत आणि शब्द एक नाही. पद्माक्का उशाशी बसून म्हणत, "घरात मीच म्हनायची, जरा गप बसा, जरा गप बसा. देवानं माजं नको तवा ऐकलं. बोला की ओ." नेरुरकर सकाळी येत आणि शेटेबाई संध्याकाळी, आणि दोघेही दाराशीच उभे राहून जात. एके दिवशी शेटेबाईंस लवकर सुटका मिळाली आणि नेरुरकरांस उशीर जाहला, आणि दोघे एकाच खाटेच्या दोहीं बाजूंस सापडले. आता निरोप नेण्यास कोणी नाही. मग शेटेबाई खाली पाहून, परंतु नेरुरकरांसच उद्देशून बोलिल्या, "चूक माझी. आधी मी पाहिले, सांगणे माझे काम होते." नेरुरकर म्हणाले, "तुमची कशी? यंत्र माझे, चूक माझी." शेटेबाई म्हणाल्या, "यंत्र तुमचे असेल, पण दोष आधी मला दिसला." नेरुरकर म्हणाले, "तुम्हांस सगळेच आधी दिसते! चूकही स्वतःच्याच नावाने छापून घ्या!" शेटेबाई म्हणाल्या, "छापण्याचे बोलू नका. त्या दिवशीच मुकाट्याने म्हणाला असतात की नाव घाला, तर घातले नसते काय?" नेरुरकर म्हणाले, "मी म्हणायचे? डोके माझे, आणि म्हणायचेही मीच?" आणि आवाज चढत गेले, आणि परिचारिका दारात आली, आणि पद्माक्का उठून उभ्या राहिल्या की आता या दोघांस बाहेर घालविते.

तो खाटेवरून आवाज आला. घोगरा, वाकडा, ओला, परंतु आवाज.

"तीन वार."

पद्माक्कांचे हातातून पेला पडिला. "आता ग बया!" म्हणोन त्या खाली बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या, आणि शेटेबाईही रडू लागल्या, आणि नेरुरकर भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसू लागले, बहुत वेळ पुसला. मगदूम एकेक अक्षर ओढून काढीत बोलिले, "सौ...दा... झाला."

एवंच काय जाहले ते लिहितो. मगदूम चैत्रात पेठेत उभे राहिले. अजून एखादा शब्द अडतो, आणि तो अडला की व्यापारी बोली चढवितात, त्यामुळे पेठेची तक्रार नाही. चुंबकदुर्गी नवा शिरस्ता जाहला की यंत्रास हात लागला तर प्रथम ऊस तिरका ठेवून पाहावा, आणि यंत्राकडचे आणि गणिताकडचे समोरासमोर उभे राहून डावे कोणते आणि उजवे कोणते हे मोठ्याने एकमेकांस सांगावे. पाहुण्यांस हा पोरखेळ वाटतो, वाटो. कसोटी जाहल्यावर ऊस लेखकांकडे येतो, ही गोष्ट कोठे लिहिलेली नाही ती आम्ही येथे लिहिली. बाईसाहेबांचा घसा सुधारला. त्या मुखपृष्ठावरील मस्तकाचा निकाल मात्र आजतागायत लागला नाही, नेरुरकर म्हणतात डोके माझे आणि शेटेबाई म्हणतात चित्र माझे, आणि दोघे एका डब्यात जेविता जेविता रोज तोंडाने भांडतात, आणि खिडकी ज्यास थंडी वाजेल तो आपणच उठून लावितो. इति.